पाण्याखालच्या गुहांना कुलूप घालावं का?

ॲडलेडचा मामा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज धागा काढतोय कारण आमच्या घरात गेले तीन आठवडे एकाच विषयावर खडाजंगी चालू आहे, आणि दोन्ही बाजू माझ्याच डोक्यावर मिरी वाटतायत.

भाचा माझ्याकडे शिकायला आला, इथेच नोकरीला लागला. स्कूबा शिकला, तोवर ठीक. आता त्याला पाण्याखालच्या गुहेत शिरायचंय. ॲडलेडहून गाडीनं साडेचार-पाच तासांवर माउंट गॅम्बियर आहे. तिथली सगळी जमीन चुनखडीची, आतून पोखरलेली. वर बघावं तर गवत, कुंपणं, चरणाऱ्या मेंढ्या, आणि मध्येच जमिनीला भोक. खाली काचेसारखं पाणी.

मागच्या महिन्यात त्याच्याबरोबर गेलो होतो. 'द शाफ्ट' म्हणून एक जागा आहे, एका शेतात. १९३८ मध्ये घोड्याचा पाय भोकात गेला म्हणून ती सापडली असं सांगतात. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली मात्र सभामंडपासारखी पोकळी, आणि त्या भोकातून उन्हाचा एकच झोत सरळ पाण्यात जातो. फोटो बघितलात तर तुम्हालाही उतरावंसं वाटेल, मला पन्नाशीत वाटलं. मे १९७३ मध्ये तिथे नऊ जण उतरले. पाच वर आले. साध्या हवेच्या टाक्या, बाहेर आणणारी दोरी नाही, आणि खोलवर गेलं की नायट्रोजनची चढणारी झिंग. चौघांचे मृतदेह काढायला १९७४ उजाडलं. १९६९ ते १९७४ या काळात त्या एका टापूत अकरा डायव्हर गेले.

तेव्हा सरकार सगळं बंद करायच्या विचारात होतं. १९७३ मध्ये डायव्हर लोकांनीच केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया काढली. म्हणाले, परीक्षा आम्ही घेतो, पास होईल त्यालाच आत सोडा. शेतमालकांना ते पटलं, सरकारलाही पटलं. आजही तसंच चालतं. भाच्याला ती परीक्षा द्यायचीय.

सांगलीहून ताईचा रोज फोन. "माणसं मेली तर बुजवून टाकायला काय होतंय त्यांना? जेसीबी नाही का तिकडं? आणि तू मामा म्हणून काय करतोयस?"

माझं मत अजून बनलेलं नाही. मी स्वतः आयुष्यात एकदा तारकर्लीला पाण्याखाली गेलोय, तेही प्रशिक्षकानं मानगुटीला धरून. तर सांगा, जिथे माणसं मेली त्या गुहा बंद कराव्यात का?

चिंचगुळ

बंद. विषय संपला. जमिनीवर बघायला कमी जागा आहेत का?

पोहणारा दगड

तारकर्लीला आता स्कूबाचे साधारण किती घेतात? दिवाळीत सहकुटुंब जायचं आहे.

खडूस काकू

बंद कराव्यात. आणि मी हे हौशी लोकांचा मत्सर म्हणून म्हणत नाही.

माझे वडील अग्निशमन दलात होते. विहिरीतून, खाडीतून मृतदेह काढून आले की आई बंब पेटवून ठेवायची. ते मागच्या दारीच अंघोळ करायचे आणि त्या रात्री जेवायचे नाहीत. त्यामुळे "माझा जीव, माझी मर्जी" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. तुझा जीव गेला की तुला बाहेर कोण काढणार?

दक्षिण आफ्रिकेत बुशमन्स होल नावाचा पाण्यानं भरलेला खड्डा आहे. १९९४ मध्ये डिऑन ड्रायर नावाचा तरुण तिथे गेला तो परत आलाच नाही. दहा वर्षांनी डेव्ह शॉ या डायव्हरला त्याचा मृतदेह २७० मीटरवर दिसला. मुलाच्या आईवडिलांना शब्द दिला, मी आणतो. जानेवारी २००५ मध्ये आणायला गेला आणि तिथेच गेला. काही दिवसांनी उपकरणं ओढून घेताना दोघंही वर आले. आईवडिलांना मुलगा मिळाला, पण कुठल्या भावात?

कासवगती

काकू, वडिलांबद्दल आदर आहे. पण मी फ्लोरिडात राहतो, गेली सहा वर्षं डायव्हिंग करतो (गुहेत नाही, उघड्या पाण्यात), आणि या लोकांचा शेजारी आहे. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

गुहेत माणूस का मरतो हे आधी समजून घेऊ. समुद्रात काही बिघडलं तर वर जाता येतं. गुहेत वर दगड. आला त्याच वाटेनं बाहेर. तळाला पिठासारखा गाळ असतो. पायातली एक फिन (पोहायचं वल्हं) चुकीची हलली की पाच सेकंदांत सगळं दूध. हातातला दिवा नाकाला लावला तरी दिसत नाही. अशा वेळी प्रवेशापासून बांधत आणलेली दोरी हीच एक वाट. दोरी नसेल तर भिंती चाचपत हवा संपवायची.

शेक एक्सली म्हणून इथे एक गणिताचा मास्तर होता, मोठा गुहा-डायव्हर. त्यानं मेलेल्या लोकांचे अपघात एकेक तपासले आणि १९७९ मध्ये छोटी पुस्तिका काढली. निष्कर्ष अगदी शाळेतल्या फळ्यावर लिहावेत तसे. बाहेरपर्यंत अखंड दोरी ठेवा. एक तृतीयांश हवा जाताना, एक येताना, उरलेली तिसरी कुणाच्या तरी संकटासाठी. झेपेल त्याहून खोल जाऊ नका. पुढे त्यात प्रशिक्षण आणि तीन दिवे आले. बहुतेक मेलेल्यांनी यातलं काहीतरी मोडलेलं असतं. कित्येक तर साधे स्कूबावाले, "जरा आत डोकावून येऊ" म्हणून गेलेले.

आता बंदीचं. आमच्याकडे ईगल्स नेस्ट नावाची गुहा १९९९ ते २००३ बंद होती. मग उघडली. २०१३ च्या नाताळात एक बाप आणि त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा नाताळात मिळालेली नवी उपकरणं घेऊन उतरले. मुलाकडे साधं स्कूबाचं सर्टिफिकेटही नव्हतं. दोघेही गेले. नातेवाइकांनी बंदीची मागणी केली, ती मान्य झाली नाही. तिथे पाण्याखाली पाटी आहे, वर हाडांच्या सापळ्याचं चित्र. मजकूर साधारण असा की थांब, तुझ्यासारख्या तीनशेहून जास्त डायव्हरांनी, त्यात प्रशिक्षकही, अशाच गुहांत जीव घालवलाय. आत मरण्यालायक काहीही नाही. पाटी वाचून ते पुढे गेले असणार.

आणि माझा आवडता नियम. जिनी स्प्रिंग्ज म्हणून खासगी झरा आहे. तिथल्या मुख्य गुहेच्या तोंडाशी गुहेचं सर्टिफिकेट नसलेल्यानं पाण्यात दिवाच न्यायचा नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पट्ट्याला अडकवलेली बोटभर बॅटरीसुद्धा मला गाडीत ठेवून यायला लावली. तेव्हा चिडलो. आत गेल्यावर कळलं. जिथपर्यंत उजेड आहे तिथपर्यंत मजेत गेलो, पुढे काळोख दिसला आणि पाय आपोआप मागे फिरले. दिवा असता तर शंभर टक्के आणखी थोडा गेलो असतो.

चिंचगुळ

दिवा काढून घेणं भारी आहे. आमच्या सोसायटीत गच्चीवर हाच प्रयोग करायला हवा.

माळावरचा आबा

धागा वाचला आणि राहवलं नाही म्हणून टंकतोय. चुका पोटात घाला.

आमच्या गावात मळ्यातली विहीर होती, चांगली सात पुरुष खोल. आम्ही सगळी पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून तिथंच पोहायला शिकलो. उन्हाळ्यात पैज लागायची, तळाची माती मुठीत धरून आणायची. कान दुखायचे, डोळ्यांपुढं चांदण्या, पण वर येऊन मूठ उघडली की राजा. तळाला एका बाजूला कपार होती, झरा तिथनं यायचा. मोठी माणसं दम द्यायची, कपारीकडं जायचं नाही. एका वर्षी एक पोरगं गेलं. माती आणायला नाही, कपारीत काय आहे बघायला.

गावानं बैठक घेतली आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची ठरली. हात वर करणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा विशीत होतो. जाळी बसली. पुढच्या उन्हाळ्यात पोरं दोन मैलांवरच्या खडीच्या खाणीत पोहायला लागली. विहिरीवर कोणी ना कोणी असायचं. इंजिनवाला असायचा, धुणं घेऊन बाया असायच्या, एखादा म्हातारा उगीच बिडी ओढत बसलेला. खाणीवर काळं कुत्रं नव्हतं. दोन वर्षांत दोन पोरं गेली, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी गुरं घरी आली तेव्हा कळलं की पोरगं आलं नाही.

जाळी चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण हात वर करताना मी खाणीचा विचार केला नव्हता.

सोनकुसुम

आबा... 🙏

खडूस काकू

आबा, वाईट वाटलं वाचून. मनापासून.

पण त्या विहिरीत जाळीनंतर कोणी मेलं का? नाही ना? मग जाळीनं तिचं काम केलं. खाणीला जाळी नव्हती हा खाणीचा दोष. एका दाराला कुलूप लावल्यावर चोर दुसऱ्या दारानं आला तर पहिलं कुलूप काढत नाहीत.

कासवगती, तुमचे एक्सली मास्तर शेवटी कसे गेले तेही लिहा की. मी शोधलं. १९९४, मेक्सिकोतलं झाकातोन, विक्रमी खोलीच्या मागे. नियम लिहिणाराच बुडाला.

कासवगती

लिहिणार होतो, तुम्ही आधी लिहिलंत. हो, तिथेच गेले.

काकूंसाठी आणखी एक, कुलपाचंच. टेक्सासमध्ये जेकब्ज वेल नावाचा झरा आहे, वरून बघितलं तर अगदी आपल्या विहिरीसारखा गोल. तिथे बरीच माणसं गेली म्हणून १९८० च्या सुमारास आतल्या अरुंद वाटेवर सळ्या आणि सिमेंटची जाळी बसवली. बसवणारा स्वतः डायव्हर होता, त्यानंच तिथून मृतदेह काढले होते. काही महिन्यांत कोणीतरी जाळी तोडली आणि पाटीवर चिठ्ठी लिहून ठेवली की तुम्ही आम्हाला अडवू शकत नाही.

पोहणारा दगड

म्हणजे तिकडेही आपल्यासारखीच माणसं आहेत.

(तारकर्लीचं कोणी सांगेल का?)

ध्रुवतारा

मी नॉर्वेत असते, त्यामुळे इथली गोष्ट सांगितलीच पाहिजे. उत्तरेकडे प्लुरा नावाची गुहा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये पाच फिनिश डायव्हर बर्फ फोडून आत शिरले. एका तोंडातून शिरायचं, एकशे तीस मीटरच्या आसपास खोल उतरून दुसऱ्या तोंडातून निघायचं. वाटेत एक जण अडकला आणि गेला. मागून येणाऱ्यांची वाट तिथेच अडली, त्यातला आणखी एक गेला. एकाला पुन्हा सगळं अंतर मागे कापावं लागलं.

पोलिसांनी गुहा बंद केली. मृतदेह काढायला ब्रिटनहून डायव्हर बोलावले. त्यात रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन होते, तेच पुढे २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत अडकलेल्या मुलांना शोधून काढणारे. त्यांनी आत जाऊन बघितलं आणि सांगितलं, हे फार धोक्याचं आहे, आम्ही करणार नाही. मार्चच्या अखेरीस मेलेल्यांचे मित्र गुपचूप आले, बंदी मोडून उतरले, दोघांनाही बाहेर आणलं आणि मग पोलिसांना कळवलं. चौकशी झाली, पुढे खटला भरला नाही. गुहा नंतर पुन्हा उघडली.

त्या वेळी इथे ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हाच वाद. माझा सहकारी, अतिशय कायदाप्रेमी माणूस, लाल सिग्नलला रिकाम्या रस्त्यावर थांबणारा, तो म्हणाला की मीही गेलो असतो.

खडूस काकू

म्हणजे जाणत्यांनी "नको" सांगितलं तिथे आणखी जीव पणाला लागले. नशीब म्हणून वाचले. ध्रुवतारा, तुमची गोष्ट माझ्या बाजूची आहे.

ध्रुवतारा

मला ती बंदी चालत नाही हे सांगण्यासाठी लिहायची होती. पण आता तुम्ही म्हणताय तशीही वाचता येते खरी.

रविवारचा भटक्या

आपल्याकडचं बोलू का? दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, अमुक धबधबे बंद, तमुक धरण बंद. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पाट्या, दोऱ्या, पोलीस. पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्या बाजूच्या डोंगरावर होतो. बंदोबस्त मुख्य रस्त्यावर आणि गर्दी आडवाटेनं वर. पाटीला टेकून सेल्फी काढणारा ग्रुपही बघितला.

मृतदेह काढायला शेवटी शिवदुर्ग मित्रसारखी संस्था आणि गावातली पोरं दरीत उतरतात. तेच वर्षभर लोकांना सांगत असतात की कुठे जा, कुठे नको. त्यांचं ऐकणारे कमी.

कासवगती

भटक्या, पण तुलना पूर्ण जुळत नाही. धबधब्याला चपला घालून जाता येतं. गुहेत जायला टाक्या भरून द्याव्या लागतात, शेतमालकाकडून किल्ली घ्यावी लागते. म्हणजे अडवायला जागा आहे. भुशीला कोण किल्ली मागणार?

रविवारचा भटक्या

मान्य. ओढ्याला दार नसतं.

कृष्णाकाठ

थायलंडचा विषय निघालाच आहे तर सांगलीकरांची कॉलर ताठ करून घेतो. २०१८ मध्ये थाम लुआंग गुहेतली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक काढताना पाणी उपसायच्या कामात आमच्या किर्लोस्करवाडीच्या कंपनीचे इंजिनिअर होते. हवे असतील तर पाठवायला इकडे पंपही तयार ठेवले होते. आमचे एक काका तेव्हा आठवडाभर असे वावरत होते जणू मुलं यांनीच काढली.

तीही गुहा बंद केली होती. तिथे समन कुनान नावाचे माजी नौसैनिक गेले. पुढच्या वर्षी पर्यटकांसाठी उघडली.

चिंचगुळ

सांगली आली म्हणजे धागा आता भेळ-भडंगावर जाणार.

कृष्णाकाठ

भडंगावर कधीही तयार आहे. नवा धागा काढा.

ॲडलेडचा मामा (धागाकर्ता)

आठवडाभर गायब होतो, माफी. सगळं वाचलं. आबांची पोस्ट ताईला फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपल्या मळ्यातली विहीर पण तशीच की रे."

कृष्णाकाठ यांनी थायलंड काढलं म्हणून सांगतो. त्या मुलांना भूल देऊन बाहेर काढायचं ठरलं तेव्हा भूल देणारे डॉक्टर रिचर्ड हॅरिस आमच्या ॲडलेडचे. याच माउंट गॅम्बियरच्या पाण्यात वावरलेला माणूस. सत्तरच्या दशकात सगळ्या गुहांवर माती लोटली असती तर असा माणूस कुठे तयार झाला असता, हा माझा ताईसमोरचा हुकमी एक्का होता.

पण काकू, तुमच्यासाठी याच्या उलटंही सांगतो, लपवत नाही. तिथेच टँक केव्ह आहे, जमिनीखाली काही किलोमीटर पसरलेला चक्रव्यूह. २०११ मध्ये ॲग्नेस मिलोव्का तिथे गेली. जगभर नाव असलेली, सगळ्या परीक्षा पास झालेली डायव्हर. एका अरुंद फटीत एकटी पुढे गेली, हवा संपली. तिला बाहेर आणणाऱ्यांत हेच डॉक्टर हॅरिस होते, आणि ती त्यांची मैत्रीण होती. म्हणजे परीक्षा असूनही माणूस जातं, आणि आणायला ओळखीचंच कोणीतरी जातं. तुमच्या वडिलांचं वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

आता घरची बातमी. भाच्यानं सराव सुरू केला. पाण्यात नाही, परसात. लिंबाच्या झाडापासून कपडे वाळत घालायच्या खांबाला, तिथून बार्बेक्यूच्या पायाला, तिथून गॅरेजच्या कडीला अशी नायलॉनची बारीक दोरी बांधली. दोरीवर प्लॅस्टिकचे छोटे बाण, टोक नेहमी बाहेरच्या दिशेला, अंधारात बोटांनी कळावं म्हणून. डोळ्यांवरच्या मास्कला आतून काळी चिकटपट्टी. मग अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात ठेवायची, दोरी ओढायची नाही, सोडायची नाही, आणि रांगत बाहेर यायचं. मी मुद्दाम वाटेत खुर्ची ठेवली. त्यानं दुसऱ्या हातानं ती चाचपली, थांबला, वळसा घातला. दोरीचं कडं सुटलं नाही.

मग म्हणाला, मामा, तू कर. मी केलं. दोन दोऱ्या जुळतात तिथे बाण चाचपला, मला वाटलं समजला. रांगत निघालो आणि डोकं शेजाऱ्याच्या कुंपणावर आपटलं. दोरी हातातून कधी सुटली ते कळलंच नव्हतं. भाचा हसला नाही. घड्याळ बघून म्हणाला, "तुझी हवा चार मिनिटांपूर्वी संपली."

हे सगळं बायकोनं व्हिडिओ काढून ताईला पाठवलं. ताईचं उत्तर: "दोरी असली करगोट्यासारखी? त्याला कासरा दे म्हणावं."

सोनकुसुम

कासरा दे म्हणावं 😂😂 ताईंना इथे सभासद करा.

माळावरचा आबा

ताईंचं बरोबर आहे. कासरा बैलालाही कळतो.

खडूस काकू

मामा, टँक केव्हचं प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. माझं मत बदललेलं नाही. पण एक विचारते. किल्ली नेमकी कोणाकडे असते? आणि आत गेलेला वेळेत आला नाही तर बाहेर कोणाला कळतं, कधी कळतं? आबांच्या खाणीवर तेच नव्हतं.

ॲडलेडचा मामा (धागाकर्ता)

हाच प्रश्न ताईनं काल विचारला, थोड्या वेगळ्या भाषेत. जागेप्रमाणे बदलतं. काही गुहा शेतमालकाच्या, काही सरकारी, टँक केव्ह तर त्या संघटनेनंच विकत घेतली. पण आत जाण्याआधी बाहेरच्या माणसाला वेळ सांगून जायची, अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर फोन कर.

तो बाहेरचा माणूस आता मी. पुढच्या महिन्यात पहिली खेप आहे, शिक्षकाबरोबर, उजेड दिसतो तिथपर्यंतच. मी काठावर खुर्ची टाकून बसणार. ताईनं मला बजावलंय की त्या वेळात मोबाइलवर क्रिकेट बघायचं नाही.

बंद करावं की नको, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. ताईचं मात्र आहे. भाचा बाहेर आला की मग बुजवा म्हणते.

चिंचगुळ

ताईंना +१.

पोहणारा दगड

तारकर्लीचं शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. आणि चष्मा असेल तर चालतं का?

ॲडलेडचा मामा (धागाकर्ता)

मी गेलो त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हाचा दर सांगून उपयोग नाही. चष्मा काढून ठेवावा लागतो, मासे तरीही दिसतात. बाकी व्यनि (खासगी निरोप) केलाय.